डोलकाठीतील स्क्रूचे आटे गेले आहेत: दुरुस्तीची कोणती पद्धत टिकेल?

खारा वारा (प्रश्न)

नमस्कार. आम्हा तिघा मित्रांच्या मालकीची एक २४ फुटी शिडाची बोट आहे. ती मूळची अमेरिकेत बांधलेली असून तीन वर्षांपूर्वी आम्ही ती जुनी म्हणून विकत घेतली. ऑक्टोबर ते मे ती मुंबई बंदरात पाण्यावर असते आणि पावसाळ्याआधी ती बाहेर काढून मांडव्याजवळच्या एका शेडमध्ये ठेवतो. यंदा प्रथमच डोलकाठी उतरवून दोन घोड्यांवर आडवी घेतली आणि तिच्यावरचा प्रत्येक जोड स्वतः तपासला, तेव्हा पुढील गोष्टी आढळल्या.

बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) ज्यावर फिरते ती गूजनेकची स्टेनलेस स्टीलची बैठक सहा स्क्रूंनी बसवलेली आहे. शिडाची कड ज्या खाचेतून वर जाते, तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना प्रत्येकी तीन स्क्रू आहेत. त्यांपैकी तीन स्क्रू हाताने फिरवले तरी नुसते गरगर फिरतात, घट्ट होतच नाहीत. दोन नीट निघाले आणि एक जागच्या जागी असा धरून बसला आहे की पेचकसाने त्याच्या डोक्याची खाच खराब होऊ लागली. निघालेल्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी साचली होती. याशिवाय हॅलयार्ड (शिड वर चढवण्याचा दोर) बांधण्याच्या क्लीटचे, म्हणजे दोर अडकवण्याच्या खुंटीचे, एम५ मापाचे (५ मिमी व्यासाचे) दोन्ही स्क्रू ढिले आहेत आणि वरच्या दिव्याच्या बैठकीचे एम४ स्क्रूही तसेच आहेत.

डोलकाठी अॅल्युमिनिअमची, आतून पोकळ आहे. एका वर्कशॉपने सर्व भोके वेल्डिंगने बुजवून नव्याने आटे पाडण्याचा सल्ला दिला आहे, तर एका मित्राच्या मते हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचे तारेचे वेटोळे) बसवणे पुरेसे आहे. समुद्रात जोराच्या वाऱ्यात बूमची बैठक उपटली, तर शिडावरचा ताबा जाईल आणि माणसाला इजाही होईल, म्हणून केवळ हंगाम निभावून नेणारी नव्हे, तर भरवशाची दुरुस्ती करायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना फिटर

नमस्कार. मी बोटींच्या दुरुस्तीच्या कामात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे आधी एक स्पष्ट सांगतो: वेल्डिंग करू देऊ नका. डोलकाठीसाठी वापरले जाणारे ६०६१ किंवा त्याच्या जवळचे मिश्रधातू आपली ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून मिळवतात. धातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात आणि मग साधारण १७५ अंशांवर काही तास ठेवतात. यालाच टी-६ अवस्था म्हणतात. वेल्डिंगची ज्योत ही अवस्था मोडते आणि सांध्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. जिथे बूम काठीला ढकलते आणि वाकवते, नेमक्या त्याच उंचीवर तुम्ही काठीचा एक मऊ पट्टा तयार कराल. भोके बुजलेली दिसतील, पण काठी कमजोर झालेली असेल आणि ते बाहेरून कळणार नाही.

आता आटे का जातात ते पाहू, कारण त्यातूनच उपाय ठरतो. एम६ स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिमी असते. काठीची भिंत ३ मिमी जाड धरली, तर स्क्रूला पकडून ठेवणारे आटे फक्त तीन आहेत. स्टेनलेसचा स्क्रू अॅल्युमिनिअममध्ये पूर्ण ताकदीने धरायचा, तर आट्यांची खोली व्यासाच्या निदान दीडपट हवी, म्हणजे एम६ साठी ९ मिमी. कारखान्यातून आलेली काठी तीन आट्यांवर वर्षानुवर्षे टिकते, ती भार वाटला जातो आणि ते आटे ताजे असतात म्हणून. एकदा ते सोलले गेले की तीन आट्यांच्या जागी पुन्हा तीनच आटे पाडून पहिली ताकद परत मिळत नाही.

"मग मोठा स्क्रू घाला" हा उपाय अनेकांना सुचतो. एम८ चे आटे १.२५ मिमी अंतरावर असतात. म्हणजे ३ मिमी भिंतीत तीन आटेही पूर्ण बसत नाहीत, जेमतेम अडीच बसतात. परीघ वाढल्याने पकड थोडी सुधारते हे खरे, पण त्यासाठी भोक ६.८ मिमी करावे लागेल, बैठकीची भोकेही वाढवावी लागतील आणि तिच्या कडांना धातू कमी उरेल. गूजनेकसाठी मी हे करणार नाही.

तिन्ही ठिकाणांसाठी एकच औषध शोधू नका, कारण तिथला भार सारखा नाही. दिव्याच्या बैठकीवर भार जवळजवळ नाहीच. क्लीटवरचा दोराचा ताण काठीच्या लांबीच्या दिशेने असतो, म्हणजे तो स्क्रूला कापू पाहतो, उपटत नाही. गूजनेकवर मात्र दोन्ही प्रकार होतात. एरवी बूम बैठकीला काठीकडे दाबून धरते, पण वारा मागून येताना बूम एका बाजूची झटक्याने दुसरीकडे गेली की बैठक पिळली जाते आणि एका बाजूचे तीन स्क्रू सरळ उपटले जातात. म्हणून तिथे भिंतीच्या आत जाड पट्टी बसवणे हाच माझ्या मते योग्य उपाय आहे. भिंतीची जाडी व्हर्नियरने मोजून कळवा, आणि काठीचा पायाकडचा बूच निघतो का, तेही पाहा.

गॅरेजवाला

माझा अनुभव मोटारसायकलच्या इंजिनांचा आहे. सिलिंडर हेडमधील स्पार्क प्लगचे आटे गेले की आम्ही हेलिकॉइलच बसवतो आणि ते मूळ आट्यांपेक्षाही चांगले धरतात, कारण स्टेनलेसच्या तारेचे ते वेटोळे अॅल्युमिनिअमच्या मोठ्या क्षेत्रावर भार वाटते. एम६ साठी सुमारे ६.३ मिमीचे भोक आणि हेलिकॉइलचा खास टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) लागतो. मग डोलकाठीत अडचण कोणती?

जुना फिटर

तुमचे म्हणणे जाड ओतीव भागासाठी अगदी बरोबर आहे आणि मीही विंचच्या (दोर ओढण्याच्या रहाटाच्या) ओतीव बैठकीत हेलिकॉइल अनेकदा वापरले आहे. अडचण जाडीची आहे. एम६ चे नेहमीचे सर्वांत आखूड हेलिकॉइल ६ मिमी लांब असते. ३ मिमी भिंतीत त्याचा निम्मा भाग आत हवेत लोंबकळेल आणि भार आला की ते वेटोळे उसवत जाईल. सिलिंडर हेडमध्ये ते चहूबाजूंनी धातूत गाडलेले असते, म्हणून टिकते. शिवाय खाऱ्या हवेत स्टेनलेसचे वेटोळे आणि अॅल्युमिनिअम यांचा कायमचा संपर्क राहतो, तो इंजिनात इतका घातक ठरत नाही.

रिव्हनटबद्दलही (रिव्हेटसारखा भोकात दाबून बसवायचा आटेदार नट) कोणी विचारील, म्हणून सांगून ठेवतो. पातळ पत्र्यासाठीच ती वस्तू आहे आणि हलक्या जोडांना चांगली आहे, पण एम६ च्या रिव्हनटला ९ मिमीचे भोक लागते. एकाच उंचीच्या आसपास तशी सहा भोके पाडली, तर काठीतून बराच धातू निघून जाईल. शिवाय काही वर्षांनी स्क्रू धरून बसला की रिव्हनट भोकात स्क्रूसकट फिरू लागतो आणि मग तो काढणे फार त्रासाचे होते.

सोलंटकाठी

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो आणि माझ्या स्वतःच्या बोटीची काठी मी दर दोन वर्षांनी उतरवतो. मूळ प्रश्नातील एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. बोट अमेरिकेत बांधलेली असेल, तर मूळ स्क्रू मेट्रिक नसण्याचीच शक्यता अधिक आहे. तिथे अशा ठिकाणी पाव इंच व्यासाचा, इंचाला २० आट्यांचा स्क्रू सर्रास वापरतात. त्याचा व्यास ६.३५ मिमी आणि आट्यांमधील अंतर १.२७ मिमी असते. एम६ त्याच्याइतकाच दिसतो आणि अशा भोकात पहिला एक आटा जातोही. मग तो अडतो, बसवणाऱ्याला वाटते की भोकात कचरा आहे, तो जोर लावतो आणि अॅल्युमिनिअमचे आटे कापले जातात. निघालेले सर्व स्क्रू एकमेकांच्या आट्यांत आटे घालून, उजेडासमोर धरून पाहा. आटे शेवटपर्यंत जुळले नाहीत, तर कोणत्या तरी जुन्या मालकाने सरमिसळ केली आहे.

पांढरी भुकटी हा अॅल्युमिनिअमचा गंज आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्याने जोडले गेले की त्यांची एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात अॅल्युमिनिअम झिजतो, स्टेनलेस शाबूत राहतो. स्क्रू लहान आणि काठी मोठी असल्यामुळे एकूण झीज थोडी असते, पण ती सगळी स्क्रूभोवतीच्या अरुंद फटीत एकवटते, म्हणजे नेमकी आट्यांवर. भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे एक स्क्रू जाम होतो आणि शेजारचा ढिला. दोन्हींचे कारण एकच असते.

जाम झालेल्या स्क्रूला जोर लावू नका. आधी भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. मग हीट गनने भोवतालचा भाग तापवा. दर अंशाला अॅल्युमिनिअम दहा लाखांत २३ भाग प्रसरण पावतो आणि स्टेनलेस सुमारे १७ भाग, त्यामुळे भोक स्क्रूपेक्षा किंचित अधिक मोकळे होते. तापमान १५० अंशांच्या आत ठेवा आणि काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ तापवू नका, म्हणजे वर सांगितलेल्या टी-६ अवस्थेला धक्का लागणार नाही. त्यानंतर हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. एवढ्यावरही निघाला नाही, तर फक्त डोके ड्रिलने उडवून बैठक उचलून घ्या. उरलेला दांडा व्हाइस ग्रिपमध्ये धरला की बहुतेकदा सहज वळतो, कारण डोक्याखालचा ताण संपलेला असतो. तुटलेल्या स्क्रूंच्या आत फिरवायच्या कडक एक्स्ट्रॅक्टरपासून शक्यतो दूर राहा. तो आत तुटला, तर साध्या ड्रिलला दाद देत नाही.

पुन्हा बसवताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ड्युरॅलॅक किंवा टेफ-जेल यांसारखी गंजरोधक पेस्ट अथवा लॅनोलिनयुक्त ग्रीस लावा आणि स्टेनलेसची बैठक व काठी यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी ठेवा. क्रोमेट असलेली पेस्ट विषारी असते, तेव्हा हातमोजे घालूनच काम करावे.

खारा वारा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मोजमापे घेतली. पायाकडच्या तोंडातून पाहता भिंत ३.२ मिमी आहे. पायाचा ओतीव बूच चार स्क्रूंवर असून तो निघाला, आणि गूजनेक तिथून सुमारे ९० सेंटिमीटर वर आहे.

सोलंटकाठी यांचा अंदाज खरा ठरला. जाम झालेला स्क्रू आणि नीट निघालेले दोन, असे तीन पाव इंची निघाले आणि नुसते फिरणारे तिन्ही स्क्रू एम६ आहेत. म्हणजे आमच्या आधीच्या कोणीतरी ते बदललेले आहेत. जाम स्क्रू तापवल्यावर दुसऱ्या प्रयत्नात निघाला.

आता आतील पट्टीबद्दल विचारायचे आहे. हात पोहोचत नाही अशा ठिकाणी ती नेमक्या भोकांवर कशी बसवावी? काठीच्या आतून हॅलयार्डचे दोर आणि दिव्याची वायर जाते, त्यांना ती अडणार नाही ना?

जुना फिटर

शिडाच्या खाचेचा मागचा भाग आत घुसलेला असल्यामुळे एकच रुंद पट्टी बसणार नाही. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन पट्ट्या करा. अॅल्युमिनिअमच्याच घ्या, ६०६१ किंवा ६०८२, जाडी १० मिमी. स्टेनलेसची पट्टी अधिक मजबूत वाटेल, पण मग काठीच्या आत, जिथे कधी नजर जात नाही आणि खारट ओल सुकत नाही, तिथे तुम्ही मोठ्या क्षेत्राचा वेगळा धातू टेकवून ठेवाल. पट्टीचा टेकणारा पृष्ठभाग काठीच्या आतील गोलाईप्रमाणे कानसेने घासून घ्या आणि चारही कडा गोल करा, म्हणजे दोर घासला तरी कातरला जाणार नाही.

पट्टीतील भोके बैठकीवरूनच उतरवून घ्या. दोन्ही टेबलावर एकत्र पकडा, ५ मिमीचे ड्रिल घाला आणि एम६ चा टॅप रॉकेल लावत, अर्धा वळसा पुढे आणि पाव वळसा मागे असा चालवा. अॅल्युमिनिअम टॅपला चिकटतो, त्याला रॉकेलसारखे दुसरे सोपे वंगण नाही.

यात एक गोष्ट बहुतेकांकडून चुकते. काठीच्या भिंतीत आटे ठेवू नका. तिथले भोक ६.६ मिमीचे मोकळे करा. भिंतीत आणि पट्टीत, दोन्हीकडे आटे असले आणि बसवताना दोहोंमध्ये अर्ध्या मिमीची फट राहिली, तर स्क्रू कितीही आवळला तरी ती फट कायम राहते, कारण दोन्ही आटे स्क्रूला आपापल्या जागी धरून ठेवतात. भोक मोकळे असेल तरच स्क्रू पट्टीला ओढून भिंतीवर घट्ट टेकवतो. तुमचे पाव इंची आणि एम६ असे दोन्ही प्रकारचे जुने आटे या एका ड्रिलने निघून जातील, म्हणजे मापांचा घोळही संपेल.

पट्टी नेण्यासाठी वरच्या आणि खालच्या अशा दोन भोकांतून बारीक पण चिवट तार आत सोडा, तिची टोके पायाकडून बाहेर काढा आणि पट्टीच्या त्या त्या भोकांत अडकवा. एका तारेवर पट्टी गोल फिरते, दोन तारांवर फिरत नाही. ओढून घेतली की मधल्या भोकात लांब स्क्रू धरवा आणि मग एकेक तार काढून तिथे स्क्रू घाला. हे करण्यापूर्वी वायर कोणत्या बाजूने जाते ते टॉर्चने नक्की पाहा. ती पट्टीखाली चिरडली गेली, तर ते दिवा बंद पडल्यावरच कळेल.

क्लीटसाठी एवढा खटाटोप नको. एम५ चे आटे सोललेल्या भोकात ५ मिमीचे ड्रिल फिरवून एम६ चा टॅप मारा. ३.२ मिमीमध्ये तीन आटे मिळतात आणि तिथला भार कापणारा असल्यामुळे ते पुरेसे आहेत. क्लीटच्या भोकातून एम६ जातो का, ते आधी पाहा. दिव्याला ४.८ मिमीचे अॅल्युमिनिअमचे रिव्हेट चालतील.

आचऱ्याकडचा

माझी काठी लाकडी आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो, कदाचित कोणाला उपयोगी पडेल. लाकडात स्क्रूची पकड गेली की भोक मोठे करून इपॉक्सीत लाकडाचा गट्टू बसवतात. त्यासाठी बाजारात मिळणारी गोल दांडी कापून घालू नये. तिचे तंतू भोकाच्या दिशेने उभे असतात आणि उभ्या तंतूंत स्क्रू धरत नाही. गट्टू फळीच्या पाठीतून आडवा काढावा आणि त्याचे तंतू काठीच्या तंतूंना समांतर ठेवून बसवावा.

खारा वारा

काम पूर्ण झाले आहे, म्हणून सविस्तर कळवतो.

दोन्ही पट्ट्या ११० मिमी लांब आणि २२ मिमी रुंद केल्या. साहित्य आणि टॅप नागदेवी स्ट्रीटवर मिळाले. गोलाई घासण्यातच जवळजवळ एक पूर्ण दिवस गेला, पण तिथे घाई न केल्याचे समाधान वाटते, कारण टेकवून पाहिल्यावर पट्टी कुठेही डुगडुगत नव्हती. डावी पट्टी दोन तारांवर पहिल्याच प्रयत्नात जागेवर आली. उजवीकडे वायर आडवी आली. ती आधी दोरीने बाजूला ओढून धरावी लागली.

स्क्रूच्या लांबीचा हिशेब मात्र आम्ही आधी केला नव्हता. बैठक ४ मिमी, प्लास्टिकची पट्टी १ मिमी, भिंत ३.२ मिमी आणि आतील पट्टी १० मिमी मिळून १८.२ मिमी होतात, आणि आणलेले स्क्रू २० मिमीचे होते. उरलेले टोक आत दोराच्या वाटेत आले असते. सर्व सहा स्क्रू १८ मिमीवर कापून टोके कानसेने गोल केली आणि मगच आट्यांना पेस्ट लावून बसवले. टॉर्क पान्याने ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. बैठकीवर लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही बाजूंनी हातोडीने हलके ठोकून पाहिले, तेव्हा पूर्वी येणारा पोकळ, खुळखुळता आवाज आला नाही.

क्लीटमधून एम६ जात होता, तेव्हा तो सांगितल्याप्रमाणे बसवला. दिव्याचे रिव्हेट मारून झाले. काठीच्या आतील ड्रिलचा सर्व चुरा पायाकडून पाणी सोडून धुऊन काढला. आता पायाच्या बुचाचे चार स्क्रूही त्याच पेस्टमध्ये बसवायचे आहेत. शिवाय विंचच्या बैठकीचे स्क्रू सध्या नीट धरत असले, तरी तेही एकेक करून काढून, माप तपासून आणि पेस्ट लावून परत घालण्याचे ठरवले आहे.

जुना फिटर

उत्तम काम केले आहे. काठी उभी केल्यावर पहिल्या जोराच्या वाऱ्यातील फेरीनंतर सहाही स्क्रूंवर पुन्हा टॉर्क पाना लावा. प्लास्टिकची पट्टी दबते, त्यामुळे पहिल्यांदा ते थोडे ढिले झालेले आढळतील. एकदा आवळल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. तेव्हाही ते ढिले झाले असतील, तर पट्टी कुठेतरी नीट टेकलेली नाही असे समजून बैठक उतरवा.